ड्यूटी संपते, पण वॉर्ड डोक्यातून जात नाही

प्रश्न असा आहे: "मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच आठवड्यांपूर्वी मेडिसिन वॉर्डमध्ये मला दिलेले पेशंट गेले. बारा वाजता मी त्यांचं बीपी घेतलं तेव्हा ठीक होतं, आणि दोन वाजता ते नव्हते. माझ्याकडून काही राहून गेलं का, हेच डोक्यात फिरतं. मला रडू आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, इतकी हळवी असशील तर नर्सिंग कशाला घेतलंस? तेव्हापासून नीट झोप नाही. सकाळी ड्यूटीला निघताना पोटात गोळा येतो. सगळे म्हणतात स्वतःची काळजी घे. ड्यूटी, लेक्चर, केअर प्लॅन, इंटर्नल यातून वेळ कुठून काढू? आणि मुळात मी या कोर्ससाठी योग्य आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू योग्य आहेस की नाही, हे आज ठरवायचं नाही. पाच आठवडे धड न झोपलेल्या माणसाला आपण कुठल्याही मोठ्या कागदावर घाईने सही करू देत नाही, मग तू तरी का करावीस? तू लिहिलेल्यात मला नालायकी कुठेच दिसली नाही. तुझ्या हाताखालचा एक माणूस गेला, तुला वाईट वाटलं, आणि ते बोलायला तुला कुणी जागा दिली नाही. मी आठ वर्षं वॉर्डात आणि पुढची सोळा वर्षं विद्यार्थ्यांबरोबर काढली आहेत. पहिल्या मृत्यूने हललेली मुलं-मुली मी दर वर्षी बघते. त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात आज मी माझ्या घरचं माणूस निर्धास्तपणे देईन.

आता त्या बारा वाजताच्या बीपीबद्दल. एक रीडिंग त्या एका क्षणाचं असतं. पुढच्या दोन तासांत हृदयाची लय बिघडू शकते, रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते, आणि त्याची चाहूल आधीच्या आकड्यात लागेलच असं नाही. पेशंट बिघडतोय हे ओळखणारी नजर तयार व्हायला काळ जावा लागतो. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. नवखी नर्स नियमाने चालते. ती आकडे घेते, लिहिते, वेगळं काही दिसलं तर कळवते. "आकडे बरे आहेत पण माणूस बरा वाटत नाही" हे तिला अजून जाणवत नाही, कारण तशी माणसं तिने पुरेशी पाहिलेलीच नसतात. म्हणून तर विद्यार्थ्याच्या हाती दिलेला पेशंट कागदोपत्री आणि खरोखर वॉर्डच्याच जबाबदारीत असतो.

तरीही शंका जात नसेल तर ती घोळवत बसू नकोस. तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांग की मला ती केस तुमच्याबरोबर एकदा पाहायची आहे. बारा ते दोनमध्ये कोण राउंडला आलं, कुठलं औषध गेलं, निदान काय होतं, मूळ आजार किती पुढे गेला होता, हे सगळं नीट समजून घे. डोक्यात फिरणारी केस नेहमीच खऱ्या केसपेक्षा भयंकर असते. आणि समजा, तपासताना एखादी गोष्ट खरंच राहून गेलेली दिसली, तर तीही कळलेली बरी. तिला नाव देता येतं, ती पुढच्या वेळी करता येते. अंदाजाच्या अपराधाचं मात्र काहीच करता येत नाही, तो नुसता रात्री जागवतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर एक विद्यार्थी होता, तुझ्यासारखाच दुसऱ्या वर्षाचा. त्याचे पेशंट दुपारी गेले. आम्ही दोघांनी मिळून शेवटची तयारी केली. नळ्या काढल्या, अंग पुसलं, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, हनुवटीला आधार दिला, ओळखपट्टी ताडून पाहिली. त्याचा हात कुठेही थरथरला नाही. मग तो चार्ट आवरायला गेला आणि इनटेक-आउटपुटच्या, म्हणजे पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याच्या, कागदापाशी थांबला. एक वाजेपर्यंतचे रकाने त्याच्याच अक्षरात भरलेले होते. दोनचा रकाना रिकामा. पेन हातात धरून तो बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, इथे काय लिहू?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की त्यांचं तुला काय आठवतंय. तो म्हणाला, सकाळी त्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला होता. मी दिला तर म्हणाले, काच पुसून दे. मग तो त्या चष्म्याबद्दलच बोलत राहिला. काच कशी ओरखडे पडलेली होती, काडीला कशी चिकटपट्टी होती. दहा मिनिटं गेली असतील. मी मधे एक शब्द उपदेश केला नाही. नंतर आम्ही कागदावर रेषा मारली, वेळ लिहिली, सही केली. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीला आला.

हे मला पहिल्यापासून जमत होतं असं समजू नकोस. शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका रडणाऱ्या मुलीला मी सगळ्यांसमोर वॉर्डबाहेर काढलं होतं. मला वाटलं होतं, मी तिला कणखर करते आहे. पुढचे तीन दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. त्याची मला आजही खंत वाटते, आणि तुझं पत्र वाचताना पहिली तीच आठवली.

त्यामुळे तुला बोललेल्या सिस्टर दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. ही शिकवण त्यांच्याही वाट्याला आलेली असणार, आणि ती फार जुनी आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या नर्सिंगचा बारकाईने अभ्यास केला. तिथल्या विद्यार्थिनींपैकी जवळजवळ एक तृतीयांश प्रशिक्षण अर्ध्यावर सोडत होत्या. मेंझीस यांना असं दिसलं की वेदना आणि मृत्यूच्या इतक्या जवळ राहण्याची जी धास्ती असते, ती झाकण्यासाठी कामाची घडीच तशी बसवली गेली होती. एका नर्सने एका पेशंटचं सगळं करायचं नाही, सगळ्यांचं थोडं थोडं करायचं. नाव घ्यायचं नाही, बेडचा नंबर किंवा आजार सांगायचा. विद्यार्थिनींना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवत राहायचं, म्हणजे कुणात जीव गुंतायला नको. एवढं करून धास्ती कमी झालीच नव्हती, तिच्याबद्दल बोलायची सोय तेवढी गेली होती. आज इतक्या वर्षांनीही "चार नंबरचं सलाइन संपलं" हे वाक्य सगळ्या वॉर्डांत ऐकू येतं. घाईत नंबर सोपा पडतो, मला मान्य आहे. पण ज्याच्यासाठी तू पाच आठवडे झोपली नाहीस तो नंबर नव्हता, हे तुझ्या मनाला कळलं, यात तुझं काही चुकलेलं नाही.

रडण्याबद्दल माझा नियम साधा आहे. डोळ्यांत पाणी आलं तर आलं. हातातलं काम धोक्यात येणार असेल तर ते शेजारच्या सहकाऱ्याकडे द्यायचं आणि बाजूला व्हायचं. आणि नातेवाइकांवर आपली समजूत काढायची वेळ आणायची नाही, कारण ते दुःख आधी त्यांचं आहे. या दोन गोष्टी सांभाळल्यास रडण्याने तुझ्या व्यावसायिकतेला काही बाधा येत नाही.

आता तुझ्या खऱ्या तक्रारीकडे येते, वेळ कुठे आहे. स्वतःची काळजी म्हणून जे सांगितलं जातं त्यात बहुतेकदा आणखी एक तास मागितलेला असतो. व्यायामाचा तास, ध्यानाचा तास, छंदाचा तास. दिवसात तो तास नसतो, मग तोही न जमल्याचा अपराधीपणा वर चढतो. मी विद्यार्थ्यांना यादी देत नाही. त्यांना नर्सिंगच्या सिद्धांतकार डोरोथिया ओरेम आठवायला सांगते. सेल्फ-केअरचा त्यांचा सिद्धांत तू पहिल्या वर्षी लिहिला असशील. प्रत्येक माणसाला लागणाऱ्या आठ गोष्टी त्यात आहेत: हवा, पाणी, अन्न, मलमूत्र विसर्जन, हालचाल आणि विश्रांतीचा तोल, एकांत आणि सोबतीचा तोल, धोक्यापासून बचाव, आणि चारचौघांसारखं माणूस म्हणून जगता येणं. आपण ही यादी पेशंटच्या केअर प्लॅनमध्ये उतरवतो आणि मार्क मिळवतो. आज ती तुझ्या कालच्या ड्यूटीवर लावून बघ. सात तासांत पाणी किती प्यायलीस? लघवी किती वेळ दाबून ठेवली? बसून खाल्लंस की उभ्याने? पेशंटच्या चार्टवर सात तास आउटपुट शून्य दिसलं असतं तर तू धावत जाऊन सांगितलं असतंस.

म्हणजे सुरुवात ड्यूटीच्या आतच होते. आधीच्या पाळीकडून पेशंटचा हँडओव्हर घेण्याआधी एकदा टॉयलेटला जायचं आणि मधे एकदा नक्की जायचं. त्यासाठी जोडीदाराला स्पष्ट सांगायचं: "मी पाच मिनिटं जाते, माझे दोन पेशंट तुझ्याकडे, सलाइन पंधरा मिनिटांनी संपेल." कुणाला न सांगता पळणं वेगळं आणि हे वेगळं. पाच मिनिटांसाठी सुरक्षितपणे बाजूला होणं हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. पाणी कमी प्यायलं म्हणजे टॉयलेटला जावं लागत नाही, असा हिशेब अनेक मुली करतात. त्याची किंमत मूत्रमार्गाच्या संसर्गात आणि दुपारच्या डोकेदुखीत मोजावी लागते. कृपा करून तो हिशेब करू नकोस.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त आग्रह झोपेचा धरते. 1997 साली ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, आणि 24 तास जागरण झालं तर जवळपास 0.10 टक्क्यांइतकी. पहाटे पाचला उठून ड्यूटी, मग लेक्चर, मग रात्री साडेदहाला केअर प्लॅन लिहायला घेतलास की तुझे 17 तास उलटून गेलेले असतात. त्या वेळी लिहिलेलं डोक्यात राहत नाही, आणि दुसऱ्या सकाळी औषधाच्या डोसचा हिशेब करताना तोच मेंदू वापरायचा असतो. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. इंटर्नलच्या आदल्या रात्रीही ती वाचण्यापेक्षा जास्त मार्क देते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पेपरांवरून सांगते.

तुझ्या बाबतीत झोपायला वेळ मिळूनही झोप लागत नाही, ही वेगळी अडचण आहे. उठायची वेळ रोज एकच ठेव, सुट्टीच्या दिवशीही फार बदलू नकोस. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणजे संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर गादीवर तळमळत पडू नकोस. उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं कर आणि डोळे जड झाले की परत ये. गादी आणि काळजी यांची मनात जी गाठ पडलेली असते ती अशीच सुटते. हे पहिल्या दोन-तीन रात्री निरुपयोगी वाटेल. तरी सोडू नकोस.

नाइट ड्यूटीचं थोडक्यात सांगते. पहिल्या नाइटच्या आधी दुपारी झोप काढ. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराची सतर्कता सर्वांत खाली असते, तेव्हा औषध काढताना दुसऱ्या कुणाला तरी पडताळून घ्यायला सांग, मग कितीही सोपं औषध असो. परवानगी असेल तर वीस मिनिटांची डुलकी घे, पण उठल्यावर थोडा वेळ सुन्नपणा राहतो हे लक्षात ठेवून. सकाळी परतताना डोळ्यांवर कमीत कमी उजेड, आणि आल्या आल्या अंधारात झोप. नाइट करून थेट लेक्चरला बसवलं जात असेल तर ते चूक आहे, आणि ते बोलायला हवं. कसं बोलायचं ते पुढे सांगते.

आधी डोक्यातला वॉर्ड. आपण प्रत्येक पेशंटचा हँडओव्हर देतो, जे बघितलं ते पुढच्या माणसाच्या हाती सोपवतो आणि मग निघतो. आपल्या मनात जे साचलं त्याचा हँडओव्हर कुणी मागत नाही, म्हणून ते आपल्याबरोबर खोलीवर येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ड्यूटीचा शेवटचा हँडवॉश मुद्दाम सावकाश करायला लावते. साबणपाण्याने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे तुला जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावरून पाठ आहे. तेवढ्या वेळात मनात तीन गोष्टी आठवायच्या. आज काय झालं, त्यात मी काय केलं, आणि जे बाकी आहे ते मी कुणाकडे सोपवलं. तिसरी महत्त्वाची. "बेडसोरचं ड्रेसिंग बाकी आहे, ते मी दुपारच्या सिस्टरांना सांगितलं." एवढं वाक्य मनात पूर्ण झालं की नळ बंद करायचा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मेंदू अर्धवट राहिलेल्या कामाला चिकटून बसतो, आणि ते कुणाच्या तरी हाती आहे हे स्पष्ट झालं की पकड ढिली करतो.

जो प्रसंग असा धुतला जात नाही, जसा तुझा हा, तो लिहून काढ. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980च्या दशकात विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल तथ्य आणि भावना दोन्ही लिहायच्या, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहिताना त्या दिवशी जास्त वाईट वाटतं, पण पुढच्या काही महिन्यांत अशा विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या आढळल्या. रिफ्लेक्टिव्ह जर्नल म्हणून जे सबमिट करतेस त्यात हे लिहू नकोस. ते मार्कांसाठी असतं आणि तिथे माणूस सावध होतो. हे फक्त तुझं आणि फाडून टाकलंस तरी चालेल असं. लिहिताना पेशंटचं नाव-गाव टाळ, एवढी एकच काळजी घे. लिहिता लिहिता प्रसंग डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहून घाम फुटायला लागला तर थांब, ते एकटीने करायचं काम नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या अनेकांना ती आतून पोखरते. पेशंटला उघडं करताना पडदा ओढला गेला नाही, कुणी म्हाताऱ्या माणसावर खेकसलं, आणि तू विद्यार्थिनी म्हणून गप्प उभी राहिलीस. बरोबर काय ते कळतं पण करता येत नाही, या त्रासाला तत्त्वज्ञ अँड्रू जेमटन यांनी 1984 साली मॉरल डिस्ट्रेस असं नाव दिलं. तुझ्या अस्वस्थतेत याचा वाटा असेल तर तोही वेगळा काढून ठेव. पडदा तू ओढू शकतेस. खेकसणं थांबवणं तुझ्या हातात नसेल, पण नंतर त्या माणसाशेजारी दोन मिनिटं उभं राहणं आहे. बाकीचं तुझ्या इन्स्ट्रक्टरच्या कानावर घालायचं, ते त्यांचं काम आहे.

आता बोलायचं कसं. मदत मागताना मुलं एक तर "काही नाही मॅडम, ठीक आहे" म्हणतात किंवा सगळं एकदम फुटून बाहेर येतं आणि समोरच्याला कळत नाही की नेमकं हवंय काय. तुला एसबीएआर येतं, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, आकलन आणि मागणी या क्रमाने सांगणं. डॉक्टरांना पेशंटबद्दल कळवायला वापरतेस, तेच स्वतःसाठी वापर. परिस्थिती: "मॅडम, मला पाच आठवडे रात्री चार तासांपेक्षा जास्त झोप लागत नाही." पार्श्वभूमी: "माझे पेशंट गेले तेव्हापासून हे सुरू झालं." तुझं आकलन: "माझं लक्ष लागत नाही, औषधं देताना मला भीती वाटते." आणि मागणी: "मला पुढचे दोन आठवडे मेडिसिन वॉर्डऐवजी दुसरी पोस्टिंग आणि दोन केअर प्लॅनना मुदतवाढ हवी आहे, आणि समुपदेशकांकडे जायचं आहे." शेवटचा भाग गाळू नकोस. मागणी नेमकी असेल तर समोरच्याला नाही म्हणायलाही कारण द्यावं लागतं. एका दाराने ऐकलं नाही तर दुसरं ठोठाव: क्लास कोऑर्डिनेटर, हॉस्टेलच्या वॉर्डन, प्राचार्य, तुझ्या ओळखीच्या एखाद्या जुन्या सिस्टर.

हेही सांगते की सगळी जबाबदारी तुझी नाही. भार खरोखर जास्त असू शकतो. नाइटनंतर लेक्चर, तोच केअर प्लॅन तीन वेळा हाताने उतरवणं, रजेसाठी अपमान सहन करणं, यावर श्वासाचा व्यायाम हा उपाय नाही. हे वाचणाऱ्या माझ्या सहकारी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्याचा पेशंट गेला की त्याच दिवशी दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. चूक सांगायची ती पेशंटसमोर आणि सगळ्यांसमोर सांगू नका. अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या 2015च्या आचारसंहितेत नर्सची जी कर्तव्यं इतरांप्रती आहेत तीच स्वतःप्रतीही आहेत असं स्पष्ट म्हटलं आहे. हे कर्तव्य विद्यार्थ्याला आपण वर्गात शिकवतो आणि वॉर्डात पाळू देत नाही.

अपमानाच्या भीतीचं सर्वांत धोक्याचं रूप म्हणजे सुई टोचल्यावर गप्प बसणं. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबणपाण्याने धुवायची आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती काही तासांत सुरू झाली पाहिजेत, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही. हेपटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झाले का, हे आजच तुझ्या कार्डावर बघ. स्वतःची काळजी म्हणताना हेही त्यातच येतं.

तुझ्या मनात कदाचित "मी बर्नआउट झाले का" असंही येत असेल. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, तीन लक्षणं मांडली: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे, आजार म्हटलेलं नाही. नैराश्य मात्र आजार आहे, आणि ते वॉर्डपुरतं राहत नाही. सुट्टीच्या दिवशीही काहीच नको वाटणं, भूक बदलणं, स्वतःचा तिरस्कार वाटणं, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असणं, अशी त्याची खूण आहे. सायकियाट्रीच्या पोस्टिंगला आपण पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतो त्यातही मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारलेलं असतं. प्रत्येक धडा वाचताना तो आजार आपल्यालाच झालाय असं विद्यार्थ्यांना वाटतं, ते मला माहीत आहे. म्हणूनच स्वतःचं निदान स्वतः करू नकोस. वॉर्डच्या ट्रॉलीतली किंवा मैत्रिणीकडची झोपेची गोळी तर चुकूनही घेऊ नकोस. औषधं हाताशी असणं आणि त्यांचे डोस माहीत असणं हा आपल्या पेशातला खरा धोका आहे.

आणि जगणं नको वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर हा सगळा मजकूर बाजूला ठेव. त्या क्षणी एकटी राहू नकोस. शेजारच्या खोलीचं दार वाजव, घरी फोन कर, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर किंवा सरळ तुझ्याच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. हेल्पलाइनचा नंबर बरी असतानाच फोनमध्ये साठवून ठेव. मैत्रिणीबद्दल अशी शंका आली तर तिला थेट विचार, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार पेरले जात नाहीत. बऱ्याचदा कुणीतरी विचारावं याचीच वाट बघितली जात असते.

आता सकाळी पोटात येणाऱ्या गोळ्याबद्दल. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव, चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर, पाच मिनिटं, गणवेश घालून झाल्यावर. मग वॉर्डात दहा मिनिटं आधी पोहोच आणि तुला मिळालेल्या पेशंटपैकी एकाकडे हातात काहीही न घेता जा. नाव विचार, रात्र कशी गेली विचार. बीपीचा पट्टा नंतर. मृत्यूनंतर विद्यार्थ्याला सगळे पेशंट मरणाच्या वाटेवर दिसायला लागतात. बोलणारा, तक्रार करणारा, बरा होऊन घरी जायची घाई झालेला माणूस समोर बघितला की ती नजर हळूहळू सरळ होते. यासाठी ड्यूटी चुकवत राहण्यापेक्षा थोडी हलकी करून चालू ठेवणं बरं, जोवर तू सुरक्षितपणे काम करू शकतेस तोवर.

पाच आठवडे मात्र खूप झाले. हे आपोआप जाईल म्हणून आणखी थांबू नकोस. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे. आपल्याच रुग्णालयात संकोच वाटत असेल तर बाहेरच्या डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्यायला सांग, थकवा आणि उदासीचं कारण कधी कधी तिथेही असतं. बरोबर एका मैत्रिणीला ने, ती बाहेर बसली तरी चालेल. आणि आत गेल्यावर "जरा झोपेचा त्रास आहे" असं म्हणून थांबू नकोस, इथे मला जसं लिहिलंस तसं पेशंटच्या बीपीपासून पोटातल्या गोळ्यापर्यंत सगळं सांग. तोंडाने जमलं नाही तर हाच प्रश्न कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव.